हेब्बाळात वेषांतर चालत नाही

म्हैसूरच्या हेब्बाळात तसं सगळं आहे. कारखाने आहेत, रिंग रोड आहे, इन्फोसिसचं तीनशेहून जास्त एकरांचं संस्थान आहे, तिथे प्रशिक्षणाला आलेली देशभरची पोरं आहेत, तळं आहे आणि तळ्याकाठी रोज सकाळी हात पाठीमागे बांधून फिरणारी निवृत्त मंडळीही आहेत. समुद्र तेवढा नाही. कर्नाटकातला जवळात जवळचा समुद्र मंगळूरचा, म्हणजे अडीचशे किलोमीटर, आणि मध्ये अख्खा कोडगूचा घाट. तळ्यात लाट उठते ती पाणकावळ्यानं बुडी मारल्यावर, तीही काठापर्यंत पोचायच्या आत विचार बदलते.

अशा ठिकाणी बसून आम्ही सर्फिंगचा सिनेमा पाहिला. ‘पॉइंट ब्रेक’. 1991 सालचा. दिग्दर्शन कॅथरिन बिगेलो या बाईंचं, ज्यांना पुढे 2010 मध्ये दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. हे मुलानं सांगितलं. पडद्यावर मारामारी सुरू झाली की आई उठून स्वयंपाकघरात जाते, हे ठाऊक असल्यामुळे त्यानं ऑस्करचा खुंटा आधीच ठोकून ठेवला होता. प्रेक्षकांत मुलगा, सून, हे, मी आणि वरच्या मजल्यावरचे घरमालक. त्यांना सगळे ‘सार’ म्हणतात. सार रेल्वेत होते आणि उमेदीची काही वर्षं मिरजेला काढल्यामुळे त्यांचं मराठी अस्सल मिरजेचं आहे. “काय लावलायसा?” म्हणत ते आले आणि चांगली खुर्ची धरून बसले.

गोष्ट थोडक्यात अशी. लॉस एंजेलिसमध्ये चार चोर बँका लुटत असतात. तोंडाला माजी राष्ट्राध्यक्षांचे मुखवटे : रेगन, निक्सन, कार्टर आणि जॉन्सन. आत शिरल्यापासून नव्वद सेकंदांत बाहेर. तिजोरीला हात लावायचा नाही, काउंटरवरची रोकड उचलायची आणि सुटायचं. एफबीआयमधल्या पॅपस नावाच्या जुन्या खोडाला खात्री असते की हे चोर सर्फर आहेत, लाटांवर फळी घेऊन नाचणारे. म्हणून जॉनी यूटा नावाच्या नव्या कोऱ्या पोलिसाला वेष पालटून किनाऱ्यावर सोडतात. यूटा म्हणजे कियानू रीव्ह्ज. कॉलेजात फुटबॉल खेळायचा, गुडघा गेला, म्हणून पोलिसात आला. तो सर्फिंग शिकतो, टोळीत मिसळतो, म्होरक्याच्या नादी लागतो आणि शेवटी आपण चोर पकडायला आलो होतो की लाट, हेच त्याला कळेनासं होतं. म्होरक्या पॅट्रिक स्वेझी. त्याला सगळे बोधी म्हणतात, म्हणजे बोधिसत्त्व. बँका लुटतो आणि मोक्षावर बोलतो.

मी एका बँकेत कॅशियर होते. निवृत्त झाले तरी काउंटर अंगातून गेलेला नाही, त्यामुळे त्या नव्वद सेकंदांवर माझी नजर होती. चोर तिजोरीच्या वाटेला जात नाहीत ते शहाणपणाचंच आहे. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे, आणि दोघं एकत्र आल्याखेरीज कुलूप उघडत नाही. आमच्या शाखेत ही दोन माणसं बऱ्याचदा एकमेकांशी बोलत नसत. दोघांत शिपाई निरोप्या. रेगन पिस्तूल रोखून उभा आहे, निक्सन ओरडतो आहे, आणि अधिकारी शिपायाला सांगतो आहे, “त्यांना म्हणावं, किल्ली घेऊन या,” आणि कॅशियर म्हणते आहे, “त्यांना म्हणावं, आधी त्यांनी या.” नव्वद सेकंद यातच संपले असते.

पण सिनेमा मला पटेना तो तिजोरीमुळे नव्हे. वेषांतरामुळे.

यूटा किनाऱ्यावर जातो. हातात कोरी फळी, पाण्यात उतरल्या उतरल्या गटांगळी. एक मुलगी त्याला वाचवते आणि झाडते. तिला पटवण्यासाठी हा पठ्ठ्या आधी तिची सरकारी फाइल काढून वाचतो. तिचे आईवडील वारलेले आहेत असं कळल्यावर ‘माझेही अपघातात गेले’ अशी थाप ठोकतो. ती हळहळते आणि सर्फिंग शिकवायला तयार होते.

इथे सारनी हात वर करून सिनेमा थांबवायला लावला.

“कुठल्या अपघातात, विचारलं न्हाई तिनं?”

“मोटारीच्या,” मुलगा म्हणाला.

“कुठल्या रोडवर? कुठल्या साली? मग ह्याला वाढवला कुणी? मामानं? मामा कुठला?”

मुलानं सांगितलं की अमेरिकेत असं कुणी विचारत नाही. सार गप्प बसले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. सगळा सिनेमा त्या मुलीच्या न विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

हेब्बाळात यूटाचं काय झालं असतं ते मी स्वतःवरून सांगते. आम्ही इथे राहायला आलो त्या सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानात कोथिंबीर आणायला गेले. “यावूरु?” दुकानदारानं विचारलं. सांगली म्हटलं. सांगली शहर की आसपास? मुलगा कुठल्या कंपनीत? कॅम्पसच्या आत की बाहेर? घर कुणाचं घेतलंत? भाडं किती? अॅडव्हान्स किती? शेवटचा आकडा ऐकून त्यानं जीभ चावली आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना कन्नडमधून तो आकडा कळवला. त्यांच्यातल्या एका बाईंनी मला हातानं खूण करून जवळ बोलावलं आणि पुढच्या वेळी घर घेताना आपल्याला विचारावं असं सुचवलं. कोथिंबिरीची जुडी अजून त्याच्याच हातात होती. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणून निभावलं. मी एफबीआयची असते तर जुडी मिळायच्या आत राजीनामा द्यावा लागला असता.

बरं, सांगलीत काही वेगळं आहे अशातला भाग नाही. आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की त्याचं सामान टेम्पोतून उतरायच्या आत त्याची जात, पगार आणि गॅसचा नंबर लागला आहे की नाही हे कळलेलं असायचं. मराठी आणि कन्नड माणसांत सीमेवरून वाद असतील, चौकशीच्या बाबतीत मात्र दोन्ही राज्यांत संपूर्ण एकमत आहे.

तरी हा सिनेमा आपल्याकडे काढायचाच झाला तर जागा तयार आहे. मंगळूरच्या उत्तरेला, साधारण तीस किलोमीटरवर, शांभवी नदीच्या मुखाशी मुल्की नावाचं गाव आहे. भारतातलं सर्फिंग जिथे रुजलं ते हे गाव, आणि ते रुजवलं एका संन्याशानं. जॅक हेब्नर मूळचे अमेरिकेचे, तरुणपणी फ्लोरिडाच्या लाटांवर वाढलेले. कृष्णभक्तीपायी भारतात आले, भगवी वस्त्रं घेतली, पण फळी काही सोडली नाही. 2004 च्या सुमारास त्यांच्या आश्रमानं इथे मंत्र सर्फ क्लब सुरू केला. पहाटे उठायचं, जप करायचा आणि मग समुद्रात उतरायचं. जेवण शाकाहारी, दारूचं नाव नाही. लोक त्यांना ‘सर्फिंग स्वामी’ म्हणायचे. म्हणजे हॉलिवूडनं कल्पनेतून जो बोधी काढला तो आपल्याकडे खरोखर होऊन गेला. फरक इतकाच की आपल्यानं एकही बँक लुटली नाही.

आणि लुटायला बँका तर होत्या! याच मुल्कीत 1852 साली अम्मेंबळ सुब्बराव पै जन्मले, ज्यांनी 1906 मध्ये मंगळुरात कॅनरा बँकेचं बी पेरलं. त्याच वर्षी उडुपीला कॉर्पोरेशन बँक, 1924 ला मंगळुरात कर्नाटक बँक, 1925 ला उडुपीला सिंडिकेट, 1931 ला पुन्हा मंगळुरात विजया बँक. एवढ्याशा किनारपट्टीनं पाच मोठ्या बँका काढल्या. आमच्या बँकेत मंगळूरकडचा साहेब बदलून आला की सगळे शर्टाची बटणं नीट लावून बसायचे, कारण ती माणसं ताळेबंद कुंडलीसारखा वाचतात. तेव्हा लाटा आणि बँका एकमेकींना इतक्या खेटून असलेलं ठिकाण देशात दुसरं नसावं.

तरी तिथेही आपल्या बोधीचं काही खरं नव्हतं. समजा त्यानं टोळी जमवली, मुखवटे शिवून घेतले (देवेगौडा, गुजराल, वाजपेयी आणि चौथा कोण यावर टोळीत फूट), पाळत ठेवली, योजना आखली आणि मुहूर्त पाहून विजया बँकेत घुसला. तर ती 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोद्यात विलीन. बरं, कॉर्पोरेशन? 1 एप्रिल 2020 ला युनियन बँकेत विलीन. सिंडिकेट? त्याच दिवशी कॅनरात विलीन. बोधी रोकड मागतो आहे आणि काउंटरवरची मुलगी सांगते आहे, “आयएफएससी कोड बदललाय, आधी नवं पासबुक घ्या.” ज्या बँका चोरांना जमल्या नाहीत त्या सरकारनं दोन एप्रिलांत नाहीशा केल्या. तेही मुखवटा न घालता.

सिंडिकेट बँकेची आणखी एक गंमत आहे. 1928 पासून तिची पिग्मी योजना होती. एजंट रोज दारात येऊन दोन-दोन आणे गोळा करायचा. हा एजंट म्हणजे चालतीबोलती गुप्तचर यंत्रणा. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुणाचा धंदा बसला, सगळं त्याला वहीत न लिहिता पाठ. पॅपसनं सर्फरांच्या केसांच्या बटा गुपचूप कापून प्रयोगशाळेत पाठवल्या, त्यांतल्या प्रदूषणावरून चोर कुठल्या किनाऱ्यावर पोहतात ते शोधलं. आमच्याकडे त्यानं पिग्मी एजंटला एक कॉफी पाजली असती तर चोरांची नावं, पत्ते आणि थकलेले हप्ते मिळाले असते. शिवाय केस कापायचे म्हणजे पंचनामा आला, दोन पंच आले. पंच म्हणून किनाऱ्यावरच्या शहाळेवाल्याला उभं केलं की संध्याकाळपर्यंत मुल्कीभर बातमी : पोलीस आलेत आणि केस कापतायत.

आपल्याकडे वेष पालटलेल्या पोलिसानं समुद्रकिनाऱ्यावर जगप्रसिद्ध गुन्हेगार पकडला आहे, आणि तो पोलीस मराठी होता, हे मी तिथल्या तिथे सारना ऐकवलं. 16 मार्च 1986 रोजी चार्ल्स शोभराज तिहार तुरुंगातून पळाला. वाढदिवसाच्या नावाखाली पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई चारून. मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला 1971 मध्ये एकदा पकडलेलं होतं, त्यामुळे चेहरा डोक्यात पक्का. ते पथक घेऊन गोव्याला गेले, पर्यटकांसारखे कपडे घालून फिरले आणि 6 एप्रिलला पर्वरीच्या ओ कोकेरो या रेस्टॉरंटात त्याला धरलं. बेड्या नव्हत्या म्हणून दोरीनं बांधला. आता त्या रेस्टॉरंटात शोभराजचा पुतळा आहे. पकडणाऱ्याचा नाही, पकडलेल्याचा. झेंड्यांच्या वाट्याला पुतळ्याऐवजी सिनेमा आला. 2025 मध्ये चिन्मय मांडलेकरांनी काढला आणि मनोज बाजपेयी झेंडे झाले.

या प्रकरणात मला आवडतं ते हे की वेषांतर करून पोलीस जिंकला, कारण चोराचं वेषांतर टिकलं नाही. आणि ते कशानं टिकलं नाही? फोनमुळे. 1986 सालचा गोवा. परदेशी फोन करायचा तर ती सोय असलेलं ठिकाण गाठायला हवं, चारचौघांत बसायला हवं आणि लाइन लागेपर्यंत वाट पाहायला हवी. पाच-सहा देशांच्या पोलिसांना चकवलेला माणूस शेवटी ट्रंक कॉलच्या रांगेत सापडला. आपल्या देशात गुप्तता कुणाचीच टिकत नाही. पोलिसाची नाही आणि चोराचीही नाही. त्यामुळे सामना बरोबरीत सुटतो.

“म्हंजे हितं कुणालाच लपता येत न्हाई?” सारनी विचारलं.

येतं. ते मला ‘धूम’वरून सुचलं. ‘पॉइंट ब्रेक’च्या गोष्टीचा प्रवास बघण्यासारखा आहे. चोरांच्या टोळीत शिरलेला आणि त्यांच्याच प्रेमात पडलेला पोलीस 2001 मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’मध्ये फळी सोडून मोटारीत बसला. 2004 मध्ये ‘धूम’मार्गे मुंबईत पोचेपर्यंत मोटारीची मोटारसायकल झाली होती. रहदारी पाहता बरोबरच आहे. पोलीस झाला एसीपी जय दीक्षित. टोळीतली पोरं मात्र लेखकानं फार विचारपूर्वक पिझ्झा पोचवणारी केली. मूळ सिनेमात चोरांना माजी राष्ट्राध्यक्षांचे मुखवटे लागले. मुंबईत पिझ्झाचा डबा पुरला.

कारण आपल्याकडे ज्याच्या हातात डबा आहे त्याला कुणी ‘मूळचे कुठले’ म्हणून विचारत नाही. त्याला ओटीपी विचारतात. आमच्या हेब्बाळात रोज शेकडो पोरं पिशव्या घेऊन या गेटातून त्या गेटात जातात. वॉचमन वहीत त्यांची फक्त गाडी लिहितो. जो दुकानदार मला भाड्याचा हिशेब मागतो, तो त्यांना पाणीसुद्धा विचारत नाही. आपली चौकशी ही आपण ज्याला माणसात धरतो त्याच्यासाठीच राखीव असते. यूटाच्या साहेबांना एवढी अक्कल असती तर त्यांनी त्याला फळीऐवजी एक लाल पिशवी दिली असती.

2015 मध्ये ‘पॉइंट ब्रेक’ पुन्हा काढला, त्यात तर पहिली चोरी मुंबईतच आहे. चोर उत्तुंग टॉवरमधून हिरे पळवतात आणि पॅराशूटनं उतरतात. मुंबईचा खरा हिरे बाजार वांद्रे-कुर्ला संकुलात, आठ-नऊ मजल्यांच्या इमारतींत भरतो. तिथून पॅराशूट घेऊन उडी मारली तर ते उघडायच्या आधी खाली चहाच्या टपरीवर पोचायला होईल.

पैशालाच हात घालायचा तर बोधीनं मुंबईलाही जायला नको होतं. आमच्या शेजारी मेटगळ्ळीला नोट मुद्रण नगर आहे. रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचा नोटांचा छापखाना तिथे 1996 पासून चालतो. 2016 मध्ये दोन हजारांची गुलाबी नोट इथे छापली जात होती आणि 8 नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत देश आपला पाचशे-हजाराच्या नोटा निवांत मोजत बसला होता. मीसुद्धा. तो गुलाबी रंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा काउंटरच्या पलीकडे रांग रस्त्यापर्यंत गेली होती. पुढे 19 मे 2023 ला तीच नोट चलनातून मागे घेतल्याचं जाहीर झालं. गुपचूप आली, साडेसहा वर्षं आपल्यात वावरली आणि गेली. ती कुणाची माणूस होती हे कुणालाच कळलं नाही.

हेब्बाळातला दुसरा यशस्वी घुसखोर चार पायांचा. 31 डिसेंबर 2024 ला पहाटे इन्फोसिसच्या आवारातल्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला. जिथे गळ्यात ओळखपत्र नसेल तर सख्ख्या मुलाच्या आईला गेटाबाहेर उभं राहावं लागतं, तिथे हा पास न घेता आत. कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं, प्रशिक्षणाच्या पोरांना वसतिगृहात बसवलं, वनखात्यानं ड्रोन उडवले, पिंजरे लावले, कॅमेरे बसवले. कित्येक दिवस शोध चालला. बिबट्या सापडला नाही. कुठून आला, कशासाठी आला, कुठे गेला, काहीच कळलं नाही. माझ्या मते वेषांतराची ही खरी पाठ्यपुस्तकी कामगिरी. आत शिरला, पाहणी केली, कुणाच्या प्रेमात पडला नाही, कुणाचं तत्त्वज्ञान ऐकलं नाही आणि नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला थांबला नाही. त्याला ‘यावूरु?’ विचारायची कुणाची छाती नव्हती, म्हणून त्याला जमलं.

एव्हाना सिनेमा शेवटाशी आला होता. ऑस्ट्रेलियातला बेल्स बीच, पन्नास वर्षांतून एकदा येणारं वादळ, डोंगराएवढ्या लाटा. तो किनारा प्रत्यक्षात अमेरिकेतल्या ऑरेगनचा, नाव इंडियन बीच. म्हणजे शेवटी समुद्रकिनाराही वेष पालटूनच उभा, फक्त मागची सूचिपर्णी झाडं चुगली करतात. यूटा बोधीला बेड्या घालतो आणि मग सोडून देतो. बोधी फळी घेऊन मरणाच्या लाटेकडे निघतो. यूटा पाठ फिरवतो, खिशातून एफबीआयचा बिल्ला काढतो आणि समुद्रात भिरकावतो. सुनेनं डोळे पुसले. मुलगा म्हणाला, “हे खरं स्वातंत्र्य.”

मला मात्र माझा शेवटचा दिवस आठवला. किल्ल्या, शिक्का, ओळखपत्र, कपाटातलं कॅल्क्युलेटर, एकेक परत करायचं, प्रत्येकावर तीन सह्या, आणि मग कुठे ‘येणे बाकी नाही’ असा कागद. कॅल्क्युलेटरचं झाकण सापडेना म्हणून माझा कागद दोन दिवस अडला होता. आणि हा पोरगा सरकारी बिल्ला पाण्यात टाकतो! विभागीय चौकशी, ताशेरे, किंमत वसुली, फंड अडकला, ग्रॅच्युइटी अडकली. आरोपी सोडला ते पुढचं, आधी बिल्ल्याचं बघा.

सार खुर्चीतून उठले. रेल्वेत होते, त्यामुळे मी न बोललेलं त्यांनी ऐकलं होतं.

“बिल्ला टाकला ते टाकला,” ते म्हणाले, “पर नोकरी कायम झाली होती का न्हाई त्याची?”

मुलानं इंटरनेटवर शोधायला घेतलं आहे.